अँटेना बनतो, पण मोजायचा कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२२ च्या दूरसंचार लिलावात २६ गिगाहर्ट्झचा वारंवारता-पट्टा विकला गेला आणि त्याच वर्षी फाइव्ह-जी सेवा सुरू झाली, तेव्हापासून मिलिमीटर लहरींच्या (ज्यांची लांबी मिलिमीटरांत मोजतात अशा रेडिओ लहरींच्या) छोट्या अँटेनावर प्रकल्प मागणारे विद्यार्थी माझ्याकडे वाढले आहेत. त्यांची हुशारी कमी पडत नाही; मोजमापाची सोय कमी पडते.

त्या पट्ट्याजवळच्या २८ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी जेमतेम १०.७ मिलिमीटर असते, त्यामुळे पॅच अँटेना, म्हणजे सर्किट बोर्डावरचा तांब्याचा चपटा तुकडा, साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा असा पॅच बोर्डावर एक दशांश मिलिमीटरने लांब राहिला आणि संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये नेमका २८ वर बसलेला अनुनाद (अँटेना सर्वांत चांगला चालतो ती वारंवारता) २७.२ च्या आसपास घसरला. हे कळले तेव्हा तिचा प्रबंध सादर होऊन गेला होता, कारण आमच्या महाविद्यालयातील नेटवर्क ॲनालायझर, म्हणजे अँटेना कोणत्या वारंवारतेला कसा चालतो हे मोजणारे यंत्र, ६ गिगाहर्ट्झपर्यंतच मोजतो आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत वेळ मिळायला चार महिने लागले. शिवाय मोजण्यासाठी जोडलेला कनेक्टरच अँटेनाच्या तिप्पट रुंद. त्याचा आटा थोडा कमीजास्त आवळला गेला तरी आलेख हलायचा. ही शिकवण सॉफ्टवेअरमधून मिळत नाही.

वेव्हगाइडचेही तेच. या वारंवारतांच्या लहरी वाहून नेणाऱ्या या पोकळ धातूच्या नळीचे आतले माप ७.११ बाय ३.५६ मिलिमीटर असते आणि तांब्यातला प्रवाह पृष्ठभागाखाली अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षाही कमी खोलीत वाहतो, त्यामुळे आतल्या भिंतीवरचा बारीक खरबरीतपणाही ऊर्जा खातो. आता सर्किट बोर्डातच तांब्याचा मुलामा दिलेल्या भोकांच्या दोन रांगा पाडून तसाच मार्ग तयार करता येतो. ते काम स्थानिक बोर्ड कारखान्यातही होऊ शकते, पण ते जमले की नाही हे सांगणारे यंत्र जवळपास नसते.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात साधारण ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवर काम केले, त्यासाठी पोकळ नळ्या आणि नरसाळ्यासारखे हॉर्न बनवले आणि त्या लहरींची लांबीही स्वतःच्याच उपकरणांनी मोजली. मोजणी हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता, आणि आपण मात्र नेमकी तीच पायरी विद्यार्थ्यांना गाळायला लावतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रत्येक महाविद्यालयाने इतकी महागडी यंत्रे घ्यावीत असे माझे म्हणणे नाही. राज्य शासनाने आणि विद्यापीठांनी मिळून प्रत्येक महसुली विभागात ४० गिगाहर्ट्झपर्यंतचा नेटवर्क ॲनालायझर आणि लहरी शोषणाऱ्या फोमने मढवलेली एक लहान चाचणी खोली एवढी सामाईक सोय करावी, तिचे वेळापत्रक सर्वांना खुले ठेवावे आणि विद्यार्थ्यांकडून केवळ खर्चापुरते शुल्क घ्यावे. पवईच्या ‘समीर’ संस्थेत सूक्ष्मलहरींवर १९८४ पासून काम चालू आहे. उभारणीसाठी तिथल्या जाणकारांचा सल्ला घेता येईल. पुढच्या वर्षीचे प्रबंध सादर होण्याआधी निदान एका विभागात तरी ही सोय सुरू व्हावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
दूरसंचार अभियांत्रिकीची एक प्राध्यापिका, सांगली