मुलींच्या फुटबॉलला चौदा रविवार द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलींच्या फुटबॉलच्या बातम्यांत ‘पात्रता फेरी’, ‘आशिया कप’ आणि ‘वर्ल्ड कप’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात. पालकही मग ट्रायलला येऊन ‘वर्ल्ड कपची निवड इथेच का?’ असं विचारतात. आम्हा प्रशिक्षकांची मागणी ठाणे-नवी मुंबईत मुलींच्या लीगसाठी चौदा रविवार मोठी मैदानं मिळावीत ही आहे; ती मांडण्याआधी तेवढा गुंता सोडवतो.

आशियाई महासंघाच्या पात्रता फेरीत छोटे गट पाडतात आणि एका गटाचे सगळे सामने एकाच शहरात आठवडाभरात उरकतात. त्यातून वर आलेले संघ आशिया कप खेळतात आणि आशिया कपात वरचे नंबर काढणारे वर्ल्ड कपला जातात. २०२६ च्या अंडर-१७ आशिया कपसाठी बारा जागा होत्या. यजमान चीन आणि आधीच्या स्पर्धेतले पहिले तीन, म्हणजे उत्तर कोरिया, जपान, दक्षिण कोरिया, यांना थेट प्रवेश. उरलेल्या आठ जागा आठ गटविजेत्यांना. गटात दुसरा आला तो घरी. भारताच्या गटात किरगिझस्तान आणि उझबेकिस्तान असे दोनच प्रतिस्पर्धी, त्यामुळे अख्खी मोहीम दोन सामन्यांची. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिश्केकला आपल्या मुलींनी दोन्ही सामने २-१ असे जिंकले, उझबेकिस्तानविरुद्ध तर आधी गोल खाऊन. पात्रता फेरी जिंकून या वयोगटाचा आपला संघ आशिया कपला जाण्याची ही पहिलीच वेळ. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये आपण होतो ते यजमान म्हणून, आणि अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ असे हरलो होतो. त्या स्पर्धेची फायनल आपल्याच नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली होती.

अंडर-२० ची पात्रता फेरी त्याआधी दोन महिने, यांगूनला झाली. ६ ऑगस्टला इंडोनेशियाशी ०-०, ८ ला तुर्कमेनिस्तानवर ७-०, १० ला यजमान म्यानमारवर १-०. पाच दिवसांत तीन सामने, प्रत्येकी ९० मिनिटांचे. आमच्या मुद्द्यासाठी निकालांपेक्षा या तारखा महत्त्वाच्या आहेत.

कारण ठाणे आणि नवी मुंबईतली सोळा वर्षांची चांगली खेळाडू वर्षभरात खेळते काय? शाळेकडून बाद पद्धतीचे दोन-तीन सामने. एका दिवसात सगळे बसवायचे म्हणून हाफ बऱ्याचदा १५-२० मिनिटांचा. पहिल्याच फेरीत हरली तर वर्षाचं फुटबॉल तिथेच संपलं. बाकीचे दिवस जाळीतल्या टर्फवर पाच-पाचचा खेळ. टर्फला आमचा विरोध नाही, पायात चेंडू खेळवायला ते उत्तम. पण हिशेब करून पाहा. ३० बाय २० मीटरच्या टर्फवर दहा जणी म्हणजे एकीच्या वाट्याला ६० चौरस मीटर. १०५ बाय ६८ च्या मैदानावर बावीस जणी म्हणजे एकीला सुमारे ३२५. पाचपटीहून जास्त. टर्फवर शिकलेला पास मोठ्या मैदानावर मध्येच दम तोडतो.

ट्रायलला हे अगदी उघडं पडतं. टर्फवर ऑफसाइड, म्हणजे चेंडू यायच्या आधीच बचावफळीमागे जाऊन थांबण्याला मनाई, हा नियम नाही, म्हणून पुढची मुलगी बचावफळीच्या मागे निवांत उभी असते आणि झेंडा वर गेला की चेंडूकडे न बघता झेंडेवाल्याकडे बघत राहते. टर्फवर चेंडू पायाने आत घेतात, म्हणून थ्रो-इन करताना, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हातांनी आत फेकताना, मागचा पाय उचलला जातो आणि चेंडू समोरच्या संघाला जातो. सगळ्यात जास्त हाल गोलकीपरचे. छोट्या गोलमध्ये रेषेवर उभं राहून हात पसरले तरी भागतं. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोलमध्ये तीच मुलगी रेषेवर थांबली की पंचवीस मीटरवरून मारलेला साधा उंच चेंडू तिच्या बोटांवरून आत जातो. ‘पुढे ये’ असं बाहेरून ओरडून उपयोग नसतो. किती पुढे यायचं याचा अंदाज मोठ्या गोलमध्ये पन्नास-शंभर वेळा चुकूनच येतो, आणि आपल्याकडे तिला चुकायला सामनेच नाहीत.

दुसरा प्रश्न गुडघ्याचा. किशोरवयीन मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. नैसर्गिक गवतासाठीचे लांब स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट कृत्रिम गवतावर घातले की पाऊल रुततं, अंग वळतं आणि गुडघा मध्ये सापडतो. कृत्रिम गवतासाठी आखूड आणि जास्त स्टडचे बूट घ्यावेत. फिफाचा ‘११+’ हा वॉर्म-अप २० मिनिटांचा आहे: ८ मिनिटं हलकं धावणं, १० मिनिटं ताकद-उडी-तोल, २ मिनिटं वेगात धावणं, एकूण १५ व्यायाम. आठवड्यातून किमान दोनदा, नीट, म्हणजे उडीनंतर गुडघे आत न वळवता उतरायचं. आपल्याकडे वेळ कमी पडला की पहिली काट यालाच लागते.

जन्मवर्षाची गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते. २०२६ च्या अंडर-१७ साठी जन्म १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतरचा लागतो. ३१ डिसेंबर २००८ ची मुलगी एका दिवसाने बाहेर. पूर्वी हा वर्ल्ड कप दोन वर्षांतून एकदा, सम वर्षी होत असे. त्यामुळे २००६ च्या मुलीला २०२२ मध्ये स्वतःहून वर्षभर मोठ्या मुलींशी झगडावं लागे आणि २०२४ पर्यंत तिचं वय उलटून जाई. २०२५ पासून तो दरवर्षी होतो, २०२९ पर्यंतच्या पाचही स्पर्धा मोरोक्कोत आहेत. म्हणजे आता प्रत्येक जन्मवर्षाची पाळी येते. राष्ट्रीय निवडकर्त्यांना दरवर्षी नव्या तुकडीकडे बघावं लागणार, आणि आपल्याकडे दाखवायला तुकडी आहे का, हा खरा प्रश्न आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट यांवर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एकाच स्पेलिंगने हवं. जन्माची नोंद वर्ष उलटल्यावर करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यामुळे गावी जन्मलेल्या मुलींचे दाखले बाराव्या वर्षीच तपासून घ्या. अल्पवयीन मुलीचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल ते. बऱ्याच देशांना प्रवासावेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. शिबिरात निवड झाल्यावर धावपळ करून हे होत नाही.

आता मागणी. आठ संघांची लीग, अंडर-१७ मुलींची, प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळणार. एका संघाचे १४ सामने, एकूण ५६. पूर्ण मापाची दोन मैदानं, प्रत्येकावर रविवारी सकाळी दोन सामने, म्हणजे चौदा रविवार. हाफ ४० मिनिटांचा, मध्ये १० मिनिटं. पहिला सामना ७ ते ८.३०, दुसरा ९ ते १०.३०. अकराच्या आत मैदान मोकळं. दिवाळी आटोपली की नोव्हेंबरात सुरू करून फेब्रुवारीत संपवायचं, म्हणजे पाऊस आडवा येत नाही आणि दहावीच्या परीक्षेशी गाठ पडायच्या आत लीग आटोपते. संघात २० मुली, सुरुवातीच्या अकरात धाकट्या जन्मवर्षाच्या किमान तीन, आणि प्रत्येक मुलीला दर दोन सामन्यांत मिळून किमान एक हाफ. हा शेवटचा नियम प्रशिक्षकांना आवडणार नाही. पण दिवसाआड सामने असले की त्याच अकरा जणींवर निभत नाही, आणि राखीव खेळाडू आयत्या वेळी तयार होत नाही.

चेंडू पाच नंबरचाच, आणि हवा मोजून. अंगठ्याने दाबून नव्हे.

एक अडचण सरकारी नकाशाची आहे. नेरुळ ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात. एकाच लोकलने सरावाला येणाऱ्या दोन मुली दोन जिल्ह्यांकडून खेळतात. लीगला ही हद्द लावू नये. ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल या तीन महापालिका व सिडको यांनी मिळून मैदानं द्यावीत. मोठी मैदानं या पट्ट्यात आहेत, काही तर वर्ल्ड कपच्या निमित्ताने सजलेली. रविवारी सकाळी ती क्रिकेटकडे किंवा कुलूपबंद असतात. आम्हाला भाडेमाफीही नको, सवलतीचा दर चालेल. पण चौदा तारखा हंगामाआधी लेखी मिळाव्यात, आणि आयत्या वेळी कुणाच्या सत्कार समारंभासाठी मैदान काढून घेऊ नये.

आपल्याकडे मागणी एवढीच, की लीग झाली तर दर सोमवारी निकाल छापावेत, आणि गोल करणारीच्या नावापुढे कंसात तिचं जन्मवर्ष द्यावं.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील मुलींच्या फुटबॉलचे काही प्रशिक्षक