दोन भाषांच्या शेजाराला देणगी मिळावी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

इस्रायलमध्ये सुमारे एक पंचमांश नागरिक अरब असूनही बहुतेक ज्यू आणि अरब मुले वेगवेगळ्या शाळांत शिकतात. ही दरी कमी व्हावी म्हणून १९८९ साली देणगीदारांच्या पैशांतून ‘अब्राहम फंड’ उभा राहिला आणि १९९८ पासून ‘हँड इन हँड’च्या शाळांत दोन्ही समाजांची मुले हिब्रू व अरबीतून एकत्र शिकू लागली. एका वर्गाला एक ज्यू आणि एक अरब असे दोन शिक्षक द्यायचे, तर पगाराचा बोजा वाढतो. तेथे देणग्यांचा आधार लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये जेरुसलेमच्या शाळेतील पहिलीचा वर्ग जाळण्यात आला, तरी शाळा बंद पडली नाही. अशा वेळी टिकून राहणारा निधीच खरा, असे मला वाटते.

आमच्या सीमाभागाचा प्रश्न निराळा आहे. तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यावरील हक्क आम्ही सोडलेला नाही. परंतु बेळगावच्या बाजारात भाजीचा भाव मराठीत विचारून कन्नडमध्ये ऐकणारी माणसे १ नोव्हेंबरला राज्योत्सव आणि काळा दिन अशी विभागली जातात, हे मनाला फार लागते. येथील दानशूर मंडळी मंदिरांच्या जीर्णोद्धाराला सढळ हाताने देतात, ते योग्यच आहे. त्यांनी मराठी व कन्नड शाळांतील मुलांच्या एकत्रित सुटीच्या वर्गांसाठी आणि दोन्ही भाषांच्या शिक्षकांच्या मानधनासाठी, एका समारंभापुरती नव्हे तर किमान पाच वर्षांची तरतूद करावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)