एक रिटर्न राहिलाय

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझा पायथनमधला कोड सकाळीच वाचला. तीन रात्री घालवल्या, रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच कॉल करणं, आपल्या आवाक्यातलं नाही, असं लिहिलंस ते मनाला लागलं. कारण तुझं लॉजिक बरोबर आहे रे. फक्त एक रिटर्न राहिलाय.

तू ट्रीमध्ये ४२ शोधतोयस. ट्रीतला प्रत्येक नोड म्हणजे एका आकड्याचा कप्पा, त्याच्या डावीकडे लहान आकडे, उजवीकडे मोठे. रूटला, म्हणजे सगळ्यात वरच्या नोडला, ५० आहे, म्हणून फंक्शन डावीकडे ३० वर जातं. तिथून उजवीकडे, आणि ४२ सापडतो. आतला प्रिंट ४२ दाखवतो, बाहेर मात्र ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. होतं असं की तिसरा कॉल नोड परत देतो, पण तुला नाही, दुसऱ्या कॉलला. दुसऱ्याच्या ओळीत नुसतं ‘शोध(नोड.राइट, क)’ आहे. आलेला नोड तो कुठे ठेवत नाही आणि पुढेही देत नाही. रिटर्न न करता फंक्शन संपलं की पायथन नन देतं, तेच वर आलं. स्लॅब टाकताना शिडीवरचे गडी घमेलं हातोहात वर देतात ना, मधल्या एकाने सोडलं की संपलं. डावी-उजवी, दोन्ही कॉलच्या आधी रिटर्न लिही.

हीच चूक मी कॉलेजात सी-मध्ये केली होती, आणि तिथे उत्तर बरोबर यायचं! लॅबच्या मशीनवर फंक्शनचं उत्तर ईएएक्स रजिस्टरमधून, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका छोट्या कप्प्यातून, परत यायचं. आतल्या कॉलने तिथे ठेवलेलं मूल्य मध्ये कुणी पुसलं नाही, तर बाहेरच्यालाही तेच मिळायचं. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी त्या कॉलखाली एक प्रिंटएफ घातला आणि उत्तर एकदम ७ यायला लागलं. प्रिंटएफ स्वतः किती अक्षरं छापली तो आकडा परत देतं, आणि माझा मेसेज सात अक्षरांचा होता. हे उमगेपर्यंत उजाडलं. तेव्हापासून ‘-वॉल’, म्हणजे अशा चुकांचे इशारे देणारा पर्याय, लावल्याशिवाय मी जीसीसी हा सी-चा कंपायलर चालवलेला नाही. तुला निदान नन दिसलं, हे बरंच झालं.

फोल्डरांतून फाइल शोधणारा प्रोग्राम लिहिशील तेव्हा मात्र लूपमध्ये थेट रिटर्न लावू नकोस. पहिल्या फोल्डरात नाही मिळाली की शोध तिथेच थांबेल. उत्तर आधी व्हेरिएबलमध्ये घे, नन नसेल तरच परत दे. आणि तपासताना ‘इज नॉट नन’ असंच लिही. नुसत्या ‘इफ’ने खरंखुरं ० आलेलं उत्तरही सुटून जातं.

कोड चालला की कितीही वाजता फोन कर, मी जागा आहे. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बंड्या