हुज्जतीच्या वयाचा अभ्यासक्रम

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मुलीला सहावीपासून तीन वर्षे घरीच शिकवायचे तू आणि वहिनींनी ठरवले आहे, आणि त्यासाठी ख्रिस्ती अभिजात पद्धतीचा अभ्यासक्रम घ्यावा की नाही, याविषयी तू माझे मत मागितले आहेस. माझे मत होकाराचे आहे. मात्र हा होकार अभ्यासक्रमाच्या संपूर्ण पेटीला नसून तिच्यातील एका गोष्टीला आहे. अकरा ते चौदा या वयात मुलांना हुज्जत घालण्याची जी अनावर ओढ लागते, ती दाबून न टाकता तिला वळण लावणे, हे या पद्धतीचे मधल्या इयत्तांतील खरे काम आहे. लॅटिन, तर्कशास्त्र, लेखनाचे जुने पाठ आणि इतिहासाचे वाचन या सर्वांची किंमत या कामी ती किती उपयोगी पडतात यावरून करावी, आणि जे उपयोगी पडत नाही ते निःसंकोच बाजूला ठेवावे.

ही पद्धत दोन हजार वर्षे जुनी असल्याचे माहितीपत्रकांत छापलेले असते, ते अर्धे खरे आहे. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्या आणि त्यांच्यापुढे अंकगणित, भूमिती, संगीत व खगोल या चार, अशी सात विद्यांची मांडणी मध्ययुगीन युरोपात रूढ होती. मार्तियानुस कापेला, बोएथियस आणि कासिओदोरस या जुन्या लॅटिन लेखकांच्या ग्रंथांतून ती मठांच्या शाळांपर्यंत पोहोचली. परंतु त्या काळी व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हे अभ्यासाचे विषय होते. मुलाच्या वाढीचे टप्पे म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हते. टप्प्यांची कल्पना डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्ड येथे वाचलेल्या एका निबंधात मांडली. लहान मूल पोपटासारखे पाठ करते, मधल्या वयातील मूल उलट उत्तरे देते आणि मोठ्यांना चुकीत पकडण्यात आनंद मानते, आणि त्यापुढच्या वयात त्याला स्वतःचे काही बोलावेसे वाटते. म्हणून पहिल्याला व्याकरण, दुसऱ्याला तर्क आणि तिसऱ्याला वक्तृत्व शिकवावे, असा तिचा युक्तिवाद होता. अमेरिकेत १९८० नंतर याच निबंधाच्या आधारावर ख्रिस्ती शाळा निघाल्या आणि त्यांच्यामागून घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी अभ्यासक्रम तयार झाले. हे तुला सांगण्याचे कारण असे, की टप्प्यांना निसर्गनियम मानून तू मुलीला त्यांच्या मापात बसवू नयेस. बाराव्या वर्षीही ती पाठांतरात रमत असेल, तर रमू दे. पण ती प्रत्येक वाक्याला 'का?' म्हणून अडवू लागली असेल, तर सेयर्सबाईंचे निरीक्षण तुझ्या घरापुरते खरे ठरले असे समज आणि तर्काचे पुस्तक उघड.

तर्काची सुरुवात बहुतेक अभ्यासक्रम तर्कदोषांपासून करतात, आणि तेच योग्य आहे. मुद्द्याऐवजी माणसावर हल्ला चढवणे, समोरच्याने न केलेले विधान त्याच्या तोंडी घालून मग ते खोडणे, दोनच पर्याय आहेत असे भासवणे, हे दोष या वयातील मुलांना चटकन कळतात, कारण ती स्वतः ते दिवसभर करत असतात. आकारिक तर्क, म्हणजे आशय बाजूला ठेवून केवळ विधानांच्या रचनेवरून अनुमान तपासणे, त्यानंतर, साधारण तेराव्या वर्षी यावा. तीन विधानांच्या अनुमानाच्या २५६ रचना संभवतात आणि परंपरेने त्यांतील २४ वैध मानल्या जातात. त्या लक्षात राहाव्यात म्हणून मध्ययुगीन शिक्षकांनी 'बार्बारा', 'सेलारेंट' अशी नावे रचली, ज्यांतील स्वर विधानांचा प्रकार सांगतात. मुलांना ही नावे मंत्रासारखी वाटतात आणि ती आनंदाने पाठ करतात. आपल्याकडच्या न्यायशास्त्रातील पर्वतावरचा धूर आणि अग्नी तुला आठवत असेलच. तेथील पाच अवयव आणि ॲरिस्टॉटलची तीन विधाने शेजारी ठेवून शिकवलीस, तर अनुमान ही कोणा एका देशाची मिरास नाही हे तिला आपोआप उमगेल.

पण तर्काचे उत्तम धडे पवित्र शास्त्रातच, म्हणजे बायबलातच आहेत, आणि छापील पुस्तके त्यांचा पुरेसा उपयोग करत नाहीत याचे मला नवल वाटते. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात मुख्य याजक येशूला त्याच्या अधिकाराविषयी विचारतात, तेव्हा तो त्यांना उलट विचारतो की योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गापासून होता की मनुष्यांपासून. ते आपसांत विचार करतात: स्वर्गापासून म्हणावे तर विश्वास का ठेवला नाही असे तो विचारील, मनुष्यांपासून म्हणावे तर लोकांची भीती. पेच म्हणजे काय, हे यापेक्षा चांगले कोणते उदाहरण शिकवील? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल 'जर-तर'ची अशी साखळी रचतो, की मृतांचे पुनरुत्थान नाही हे मान्य केले तर ख्रिस्तही उठला नाही आणि आमची घोषणा व्यर्थ, असे मान्य करावे लागते. ही साखळी वहीत चिन्हांनी लिहून काढणे हा आठवीतील मुलीसाठी आठवडाभराचा अभ्यास होऊ शकतो. आणि तीताला लिहिलेल्या पत्रातील क्रेतकरांविषयीचे, म्हणजे क्रीट बेटावरील लोकांविषयीचे वचन तर तिच्यासमोर नुसते ठेवून दे. क्रेतकर नेहमी लबाड असतात असे क्रेतकरांपैकीच एक जण म्हणाला, तर तो खरे बोलला की खोटे? त्यावरून जेवणाच्या वेळी होणाऱ्या वादाला मी जबाबदार राहणार नाही.

आता 'ख्रिस्ती' या विशेषणाविषयी. काही पुस्तकांत प्रत्येक पानाच्या तळाशी एखादे वचन छापले की विषय ख्रिस्ती झाला, अशी समजूत दिसते. अपूर्णांकांच्या बेरजेखाली स्तोत्रसंहितेतील ओळ छापल्याने बेरीज पवित्र होत नाही. खरा प्रश्न दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून लेखन करणाऱ्या तेर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने विचारला होता: अथेन्सचा यरुशलेमशी काय संबंध? मूर्तिपूजकांचे वाङ्मय ख्रिस्ती मुलांनी का वाचावे? चर्चने या प्रश्नाला एकच उत्तर दिलेले नाही, आणि ते सर्व उत्तरांसह मुलीपुढे ठेवणे हाच या अभ्यासक्रमाचा सर्वांत समृद्ध भाग होऊ शकतो. चर्चचा प्राचीन आचार्य ऑगस्टीन म्हणतो, इस्राएल लोकांनी मिसर देशातून निघताना तेथील सोने बरोबर आणले, तसे विधर्म्यांच्या विद्येतील सत्य आपण घ्यावे. तोच ऑगस्टीन आत्मचरित्रात खंत करतो की शाळकरी वयात आपण व्हर्जिलच्या काव्यातील दीदो राणीच्या मरणावर रडलो आणि स्वतःच्या आत्म्याच्या स्थितीवर रडलो नाही. बासिल हा दुसरा आचार्य तरुणांना ग्रीक काव्य निवडून वाचायला सांगतो. बायबलाचा लॅटिन अनुवादक जेरोम याला स्वप्नात न्यायासनापुढे ऐकावे लागते की तू ख्रिस्ताचा नव्हेस, सिसेरो या रोमन वक्त्याचा आहेस. आणि पौलाने स्वतः अथेन्समध्ये अरातस या ग्रीक कवीची ओळ उद्धृत केली होती, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात आहेच.

या वादातील एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. ३६२ साली रोमन सम्राट जुलियन याने ख्रिस्ती शिक्षकांना अभिजात वाङ्मय शिकवण्यास मनाई केली. ज्या देवांवर तुमचा विश्वास नाही त्यांचे काव्य तुम्ही शिकवू नये, तुमची शुभवर्तमाने शिकवा, असा त्याचा युक्तिवाद. रोममधील प्रसिद्ध वक्तृत्वशिक्षक मारियुस विक्तोरिनस याने तेव्हा पद सोडले. तेर्तुल्लियनचा प्रश्न आणि जुलियनची आज्ञा एकाच ठिकाणी पोहोचतात, हे मुलीने स्वतः शोधून काढले तर त्या वर्षीचा इतिहास वसूल झाला असे मी समजेन. म्हणून होमरची 'इलियद' किंवा 'ओदिसी' ही ग्रीक महाकाव्ये वाचताना देवांच्या वर्तनाची पाने घाईने उलटू नकोस. तिला अडवू दे, विचारू दे. सहावीत गोष्टीरूप संक्षेप पुरे. मूळ काव्याचा चांगला अनुवाद आठवीत घ्यावा.

लॅटिनविषयी तुझी शंका रास्त आहे. मृत भाषा कशाला, असे नातेवाईक विचारणारच. ज्याने लहानपणी 'रामः रामौ रामाः' म्हटले आहे त्याला लॅटिनची भीती वाटण्याचे कारण नाही: सहा विभक्ती, दोनच वचने, नामांची पाच डिक्लेन्शन (नामे चालवण्याचे गट) आणि क्रियापदांची चार कॉन्जुगेशन (क्रियापदे चालवण्याचे गट). या वयात लॅटिनचा खरा लाभ असा, की वाक्यातील प्रत्येक शब्दाला 'तू येथे काय करतोस?' असे विचारल्याशिवाय अर्थच लागत नाही. म्हणजे तर्काचा सराव भाषेतूनच होतो. पहिल्या वर्षी पहिली दोन डिक्लेन्शन आणि पहिली दोन कॉन्जुगेशन पक्की झाली तरी पुष्कळ झाले. रोज अर्धा तास द्यावा. आठवड्यातून एकदा बसून तीन तास घोकण्याचा काही उपयोग होत नाही. उच्चारांच्या दोन परंपरा आहेत, चर्चची आणि प्राचीन रोमची. योहानाच्या शुभवर्तमानाची पहिली ओळ एका परंपरेत 'इन प्रिंचिपिओ एरात व्हेर्बुम' होते, तर दुसरीत 'इन प्रिंकिपिओ एरात वेर्बुम'. कोणतीही एक धर आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बदलू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस जेरोमच्या लॅटिन बायबलातील योहानाचा पहिला अध्याय तिला कोशाच्या आधाराने वाचता आला, तर तुझे श्रम सार्थकी लागले. ग्रीक सध्या नकोच.

लेखनासाठी या पद्धतीत 'प्रोजिम्नास्मता' नावाची जुनी पाठमाला वापरतात. चौथ्या शतकात अंत्युखियाच्या परंपरेतील आफ्थोनियसने तिचे चौदा पाठ सांगितले आहेत: बोधकथेपासून सुरुवात करून कथन, उक्तीचा विस्तार, म्हणीचा विस्तार, खंडन, मंडन अशा पायऱ्या चढत शेवटी एखाद्या कायद्याची चर्चा करण्यापर्यंत. मधल्या इयत्तांत पहिले सहाच पाठ करावेत, पण नीट करावेत. शास्त्यांच्या नवव्या अध्यायात योथामाने सांगितलेली कथा घे, ज्यात झाडे राजा शोधत निघतात, जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल नकार देतात, आणि काटेरी झुडूप राजी होते. ती मुलीला आधी चार वाक्यांत लिहायला सांग, मग चार पानांत, मग शेवटाकडून सुरुवातीकडे, मग काटेरी झुडपाच्या तोंडून. त्यानंतर झाडांच्या निवडीचे खंडन आणि मग मंडन. स्वतःच्या मताविरुद्धची बाजू प्रामाणिकपणे मांडता येणे हे या वयातील मुलाला फार अवघड जाते, आणि वादाला वळण लागते ते नेमके येथेच.

इतिहास बहुतेक ठिकाणी प्राचीन, मध्ययुगीन, आरंभीचा आधुनिक आणि आधुनिक अशा चार भागांत येतो आणि त्याच्याबरोबर वाचनाची यादी. यादी पाहून घाबरू नकोस. पुस्तके पुष्कळ असण्यापेक्षा वाचन पुष्कळ असावे, हा धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रातील सल्ला येथे लागू आहे. वर्षाला पाच-सहा पुस्तके चर्चेसह वाचावीत आणि बाकीची कपाटातच राहू द्यावीत. मात्र अभ्यासक्रम घेण्यापूर्वी धर्मसुधारणेचे प्रकरण अवश्य वाच. १५१७ साली ल्यूथरपासून सुरू झालेली प्रॉटेस्टंट घडामोड आणि १५४५ ते १५६३ मधील कॅथलिक चर्चची ट्रेंटची परिषद यांविषयी लेखक कसे बोलतो, यावरून सगळ्या संचाचा कल कळतो. एखादा अभ्यासक्रम १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरी या प्रॉटेस्टंट धर्मशिक्षण-पुस्तिकेचे १०७ प्रश्न पाठ करून घेईल, दुसरा कॅथलिक परंपरेतला असेल, आणि दोन्हींच्या वेष्टनावर 'ख्रिस्ती' हाच शब्द असेल. दुसऱ्या बाजूचा एक तरी मूळ मजकूर मुलीला दाखव, म्हणजे खंडन-मंडनाचा सराव कामी येईल.

विज्ञान हा या पद्धतीचा दुबळा कोपरा आहे, हे वहिनींचे म्हणणे मला पटते. काही संचांत पृथ्वीचे वय काही हजार वर्षांचेच धरून पुस्तके लिहिलेली असतात. ती पुस्तके न घेता विज्ञान आणि गणित रूढ, प्रमाणित पाठ्यपुस्तकांतूनच शिकवा, असे मी स्पष्ट सांगेन. बायबलातील 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या भाष्यात ऑगस्टीनने ख्रिस्ती लोकांना बजावले आहे की आकाश, पृथ्वी आणि तारे यांविषयी, अनुभवाने जाणणाऱ्या परक्यांसमोर, शास्त्राच्या नावाखाली अज्ञान पाजळू नये. १६१५ च्या पत्रात गॅलिलिओने त्याच भाष्याचा आधार घेतला. हा उतारा विज्ञानाच्या वहीच्या पहिल्या पानावर खुशाल लिहून ठेवावा.

एक व्यावहारिक अडचण कोणतेच माहितीपत्रक मोकळेपणाने सांगत नाही. वादाला प्रतिपक्ष लागतो, आणि आई-वडिलांशी रोज वाद घालणारी मुलगी एक तर उद्धट होते किंवा लवकरच गप्प बसायला शिकते. आठवड्यातून एकदा तरी तीन-चार समवयस्क मुलांबरोबर एखाद्या उताऱ्यावर चर्चा होईल अशी सोय करा, आणि तेथे तू बोलू नकोस; प्रश्न विचार आणि थांब. लॅटिनमध्ये तू तिच्यापेक्षा एक धडा पुढे असलास तरी चालेल, पण तर्काचे पुस्तक मात्र तू आधी संपूर्ण वाचलेले असले पाहिजे, कारण पहिल्याच महिन्यात ती तुझ्याच वाक्यांतील दोष मोजू लागेल. तुम्ही राहता तेथील गृहशिक्षणाचे नियम आणि पुढे तिला नेहमीच्या परीक्षेला बसता येईल का, याची लेखी खात्री पैसे भरण्यापूर्वी करून घे.

तू निवडलेल्या संचाची अनुक्रमणिका आणि इतिहासाचे ते प्रकरण मला पाठव. वाचून माझ्या खुणांसह परत करीन. वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा स्नेही