पट फिरवून दिल्याबद्दल

प्रिय ताई,

समोरासमोर तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही "बरं, तुझी चाल" म्हणून विषय मिटवलात. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर. बुद्धिबळातला गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं देऊन त्या बदल्यात हल्ला मिळवायची खेळी) शिकणाऱ्या आणखी कुणाला यातून काही सापडलं, तर तुम्हाला बरंच वाटेल.

मी तुमच्याकडे आलो तो एक हरलेला डाव घेऊन. इव्हान्स गॅम्बिट मी दोन वर्षं खेळत होतो, पण नेहमी पांढऱ्याकडून. चौथ्या चालीला बी४ वर (पटावर अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) प्यादं पुढे करायचं, काळ्या उंटानं ते खाल्लं की सी३ करून त्याला हुसकायचं, लगेच डी४, आणि पटाचा मध्य आपला. वजीर बी३ वर आला की एफ७ वर, म्हणजे काळ्या राजाशेजारच्या कच्च्या घरावर नजर, उंट ए३ वर गेला की काळ्याचं कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणं) बंद. पंचवीस चालींच्या आत डाव संपायचे. त्या हरलेल्या डावात मात्र समोरच्यानं शांतपणे सहाव्या चालीला डी६ केलं, सातव्या चालीला उंट बी६ वर मागे घेतला आणि घेतलेलं प्यादं मला परत देऊन टाकलं. वजिरांची मारामारी झाली. हल्ला करायला काही उरलंच नाही. ए२ आणि सी३ वरची माझी एकटी पडलेली प्यादी राखता राखता मी तासन् तास झुंजलो आणि हरलो.

लास्करच्या बचावावर, म्हणजे त्या डी६ आणि उंट बी६ वर, तोड सांगा, असं मी तुम्हाला म्हणालो. तुम्ही काही न बोलता पट फिरवलात. काळी मोहरी माझ्या बाजूला आली.

पहिल्या संध्याकाळी मी ओळीनं चार डाव हरलो. मिळेल ते खात सुटलो होतो: बी४ खाल्लं, डी४ खाल्लं, सी३ही खाल्लं. तीन प्यादी वर, आणि एकही मोहरा धड बाहेर नाही. तुम्ही कुठलीही चूक दाखवली नाहीत. फक्त विचारलंत, "यातलं कुठलं प्यादं तुला खरंच हवं होतं?" हा प्रश्न मी अजून प्रत्येक डावात स्वतःला विचारतो.

मग तुम्ही अँडरसन (पांढरा) आणि डुफ्रेन (काळा) यांचा १८५२ चा बर्लिनमधला डाव काढलात. तो मला तोंडपाठ होता. निदान तसं मला वाटत होतं. "डुफ्रेननं सातवी चाल कोणती केली?" मला सांगता येईना. मी पांढऱ्याच्या चोवीस चाली पाठ केल्या होत्या, आणि काळा माझ्या लेखी फक्त मात खाण्यासाठी बसलेला होता. डुफ्रेननं सी३ वरचं प्यादं खाल्लं नव्हतं. आपलं प्यादं त्यानं डी३ वर ढकललं होतं. पांढऱ्याचं प्यादं सी३ वरच राहिलं, म्हणजे बी१ च्या घोड्याला ते हक्काचं घर मिळत नाही. इतका साधा विचार, पण तो काळ्याच्या खुर्चीत बसल्यावरच दिसला.

तिथूनच आणखी एक गोष्ट दिसली. काळा उंट ए५ वर असतो तेव्हा सी३ चं प्यादं जखडलेलं असतं, कारण त्याच्यामागे तिरप्या रेषेत ई१ वर आपला राजा असतो. डी४ वर मारामारी झाली की त्या प्याद्यानं परत मारताच येत नाही. सातव्या चालीचं कॅसलिंग मी दोन वर्षं सवयीनं करत होतो. त्या चालीनं ते प्यादं सुटतं, हे मला तुमचं प्यादं जखडायच्या नादात कळलं.

वही तुमचीच कल्पना. डावं पान पांढऱ्याचं, उजवं काळ्याचं, पटावरची स्थिती तीच. नियम एकच: डाव्या पानावर आपला बेत लिहायच्या आधी समोरच्याला काय नको आहे ते उजव्या पानावर लिहायचं. तुम्ही सांगितलंत की १८३४ च्या सामन्यांत मॅकडॉनेलनं हा गॅम्बिट ला बोर्दोनेविरुद्ध वापरला आणि ला बोर्दोनेनं तोच उचलून त्याच्यावर उलटवला. दोघंही दोन्ही बाजूंनी खेळले. चिगोरिन आणि तेव्हाचा जगज्जेता स्टाइनिट्झ यांचं तसं नव्हतं. एक हल्ल्यावर अडून बसलेला, दुसरा बचावावर. १८८९ चा हवानाचा सामना स्टाइनिट्झनं जिंकला, पण नंतर तारेनं खेळलेल्या डावांत चिगोरिन जिंकला. तो तारेवरचा इव्हान्स आपण तीन वेळा खेळून पाहिला. वजीर एफ६ वर आणून स्टाइनिट्झनं स्वतःची किती अडचण केली, ते काळ्याकडून बसल्यावर अंगावर येतं.

मागच्या महिन्यात मला काळ्याकडून इव्हान्स खेळायला मिळाला. समोरचा मुलगा माझ्या जुन्या वेगानं चाली करत होता. मी डी६ केलं, उंट बी६ वर नेला, प्यादं परत दिलं. वजीर पटावरून गेले तेव्हा तो खुर्चीत मागे टेकला. तो क्षण मी ओळखला, कारण तिथं मी बसलो होतो. वजिराच्या बाजूला माझी तीन प्यादी सलग, त्याची दोन विस्कटलेली. डाव जिंकायला चौपन्न चाली लागल्या आणि त्यातली एकही मला कंटाळवाणी वाटली नाही.

पांढऱ्याकडून मी आजही बी४ खेळतो. डी६ आलं की आता कॅसलिंग करत नाही, वजीर बी३ वर नेतो. काळ्याला एफ७ राखायला वजीर डी७ वर आणावा लागतो आणि त्याच्याच उंटाची वाट अडते. तिथं बसून घुसमटलोय, म्हणून ती चाल मी विश्वासानं करतो. तुम्ही तोड सांगितली असती तर हीच चाल सांगितली असती. मी ती पाठ केली असती, आणि पुढच्या बचावापुढे पुन्हा तुमच्या दारात उभा राहिलो असतो.

ताई, वहीचं एक उजवं पान अजून अर्धं आहे. १९९५, रिगा, कास्पारोव्ह आणि आनंद. आनंदनं पाचव्या चालीला उंट ई७ वर मागे घेतला, घोडा ए५ वर नेला, आणि पंचवीस चालींत डाव गेला. कास्पारोव्हचं पान भरलं आहे. आनंदच्या खुर्चीतून तो डाव नेमका कुठे निसटला, हे मला तुमच्यासमोर बसून शोधायचं आहे. तुम्ही म्हणाल त्या संध्याकाळी येतो. काळी मोहरी माझी.

तुमचा,
पांढऱ्याकडूनच खेळणारा तो विद्यार्थी