विज्ञान केंद्राला पुरता दिवस द्या

विदर्भाच्या पर्यटनाचा विषय निघाला, की गाडी ताडोबा-पेंचवर येऊन थांबते. नागपुरात गांधीसागर तलावाजवळ १९९२पासून रमण विज्ञान केंद्र आहे, तारामंडळही तिथेच आहे. पण पाहुण्यांना ते सुचवायचे आपल्याला आठवत नाही. स्वतः सी. व्ही. रमण सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते, हेही किती जणांना ठाऊक असेल?

अशा केंद्रांत वस्तू हाताळायच्याच असतात. समोरासमोर उभ्या केलेल्या दोन मोठ्या खोलगट तबकड्यांचा प्रयोग घ्या. एकीच्या नाभीपाशी (तबकडीवरून परावर्तित ध्वनी जिथे एकवटतो, त्या बिंदूपाशी) तोंड नेऊन कुजबुजले, की दूरच्या तबकडीच्या नाभीपाशी कान नेलेल्या मैत्रिणीला शब्दन्शब्द ऐकू येतो. ध्वनीचे परावर्तन फळ्यावर तासभर शिकवूनही इतके डोक्यात शिरत नाही (मी शिक्षक आहे, अनुभवाने सांगतो).

सहली मात्र दीक्षाभूमी, फुटाळा आणि हे केंद्र एकाच दिवसात उरकतात. मुले खेळण्यात रमतात न रमतात तोच शिट्टी वाजते. शाळांनी केंद्रासाठी पूर्ण दिवस राखावा आणि पर्यटन विभागाने जंगल सफारीच्या माहितीपत्रकात त्याला ठळक जागा द्यावी.

– एक शिक्षक, वर्धा