विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या डब्यासाठी, लेखनिकांसाठी आणि मदतकक्षासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

पुण्यात बाहेरगावाहून शिकायला आलेल्या, सार्वजनिक विद्यापीठातील व त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी आमचे मंडळ एक छोटा मदतकक्ष चालवते. येत्या शैक्षणिक वर्षासाठी पैसा आणि माणसे दोन्ही अपुरी पडत असल्याने हे निवेदन आपल्यापुढे ठेवत आहोत.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश २६ जुलै १९०२ रोजी काढला, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याआधीच, १९०१ मध्ये सुरू झाले होते आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे निघत गेली, याची आठवण तुलनेने कमी काढली जाते. राहण्याजेवण्याची सोय नसेल तर राखीव जागा रिकामीच राहते, हे त्या काळी ओळखले गेले होते. आज प्रवेश मिळतो, शिष्यवृत्ती मंजूरही होते, पण ती हातात पडेपर्यंतचे महिने कसे काढायचे याचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात सापडत नाही.

गेल्या हिवाळ्यात लातूर जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती-अर्जांच्या संकेतस्थळावर भरलेला तिचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये तीन महिने पडून राहिला आणि नंतर त्रुटी दाखवून परत आला, कारण उत्पन्नाच्या दाखल्यावरील आडनावात एक वेलांटी चुकली होती. दाखला दुरुस्त करून आणण्यासाठी गावी जाण्याचे भाडे तिच्याजवळ नव्हते. तिने दुपारचा डबा बंद केला होता आणि खोलीतल्या मैत्रिणींना उपवास असल्याचे सांगत होती. आठवड्यात चार उपवास कोणाला असतात, असे आमच्या कार्यकर्तीने सहज विचारले तेव्हा खरी गोष्ट कळली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, आणि ही योजना चांगलीच आहे. मात्र आमच्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांच्या खात्यात ते पैसे परीक्षा संपल्यावर जमा होतात, आणि खानावळवाला तोवर थांबत नाही. एका विद्यार्थ्याच्या दोन वेळच्या डब्याला महिन्याला साधारण ३,००० रुपये लागतात. मंडळ ही रक्कम बिनव्याजी उसनी देते आणि शिष्यवृत्ती जमा झाल्यावर ज्यांना जमेल ते परत करतात. आजवरचा अनुभव असा की बहुतेक जण करतात.

दुसरे काम परीक्षेतील लेखनिकांचे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला लेखनिक आणि तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागाही राखून ठेवल्या आहेत. प्रत्यक्षात पेपरच्या आदल्या रात्री लेखनिक येत नसल्याचा फोन येतो. विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा किमान एक पायरी कमी शिकलेला असावा लागतो, त्यामुळे बारावीचे व पदवीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आम्हाला हवे आहेत. सकाळी लवकर उठण्याची आणि समोरचा सांगेल तेच, आपली अक्कल न चालवता, लिहिण्याची तयारी हवी. हे दुसरे वाटते तितके सोपे नाही.

तिसरे काम तक्रारींचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असणे बंधनकारक आहे. जातीय छळाच्या आरोपांसंदर्भात ज्यांच्या आत्महत्या गाजल्या त्या रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली ती याच नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे नियम आणले, त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि २०१२ चे नियम लागू राहिले. नव्या नियमांवरून दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. आमचे म्हणणे एवढेच आहे की जुने नियम आहेत, तर ते वापरात तरी असावेत. एका महाविद्यालयात आम्ही या कक्षाची चौकशी केली तेव्हा शिपायाने ज्या खोलीकडे बोट दाखवले, तिथे क्रीडासाहित्य ठेवलेले होते. आम्ही विद्यार्थ्यासोबत बसून तक्रार लिहितो, पोच घेतो आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करतो. यासाठी सवड असलेले वकील आणि निवृत्त प्राध्यापक पुढे आले तर फार मोठी सोय होईल, कारण विद्यापीठाच्या पत्रव्यवहाराची भाषा त्यांना आमच्यापेक्षा चांगली कळते.

आपण एका विद्यार्थ्याचा एका महिन्याचा डबा उचलू शकता, एका सत्राचा उचलू शकता किंवा जमेल ती रक्कम देऊ शकता. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि मार्चअखेरचा हिशेब कार्यालयातील फलकावर लावला जाईल. ज्यांच्यासाठी पैसे खर्च होतील त्यांची नावे मात्र फलकावर येणार नाहीत, देणगीदारांनी विचारली तरी सांगितली जाणार नाहीत. कृपया जुने लॅपटॉप पाठवू नयेत. मागच्या वर्षी आलेल्या आठांपैकी पाच सुरूच झाले नाहीत.

मंडळाचे कार्यालय रविवार सोडून रोज सायंकाळी ६ ते ८ उघडे असते. लेखनिक म्हणून येऊ इच्छिणाऱ्यांनी महाविद्यालयाचे ओळखपत्र व शेवटच्या गुणपत्रिकेची प्रत सोबत आणावी.

आपले,
मंडळाचे कार्यकारिणी सदस्य